अमेरिकी सैन्यात भरती होताना रिक्रूटरचा शब्द करारावर कसा आणायचा

अमेरिकेच्या लष्करात, नौदलात, हवाई दलात किंवा मरीन कोअरमध्ये साधा सैनिक म्हणून भरती होणारा प्रत्येक जण एकाच करारपत्रावर सही करतो. त्याचं नाव डीडी फॉर्म ४. या फॉर्मवर एक कलम आहे. या करारात आणि त्याच्या जोडपत्रांत जे लिहिलं आहे तेवढीच सरकारची वचनं, बाकी कुणीही काहीही कबूल केलं असेल तर ते वैध नाही आणि पाळलं जाणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्या कलमाशेजारी उमेदवाराची आद्याक्षरं घेतात. म्हणजे रिक्रूटरने, भरती करून घेणाऱ्या सैन्याच्या माणसाने, चार महिने जे जे तोंडी सांगितलं ते सगळं रद्द झाल्याचं तुमचा मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या हाताने मान्य करते.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथे वाढलेली मराठी मुलं आता सैन्याचा विचार करू लागली आहेत. शाळेत रिक्रूटर येतात, शिक्षणाच्या खर्चाची गोष्ट निघते, आणि मूल घरी येऊन सांगतं, "मला सायबरचं काम देणार आहेत." आईवडिलांपैकी कुणी अमेरिकी सैन्य आतून पाहिलेलं नसतं. सैन्यात जावं की नाही हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, त्यावर मी काही म्हणत नाही. पण जायचं ठरलं तर मिळालेला शब्द कागदावर कसा आणायचा आणि कागदावर आलेल्या शब्दाची किंमत नेमकी किती, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

बोलणारा एक, लिहून देणारा दुसरा

गावातल्या कार्यालयात भेटतो तो रिक्रूटर. त्याला दर महिन्याला ठरावीक माणसं भरती करायची असतात. काम, बोनस, भरतीची तारीख या गोष्टी मात्र त्याच्या हातात नसतात. त्या ठरतात 'मेप्स' या केंद्रावर. तिथे वैद्यकीय तपासणी होते, 'अ‍ॅसव्हॅब' परीक्षेचे गुण पाहिले जातात आणि त्या दिवशी कुठल्या कामात जागा आहेत हे समुपदेशक संगणकावर बघून सांगतो. करारात मजकूर भरला जातो तो तिथे. रिक्रूटर अगदी प्रामाणिक असला तरी त्याने सांगितलेलं काम त्या दिवशी यादीत असेलच असं नाही.

सगळेच प्रामाणिक असतात असंही नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००६ साली याचा अहवाल दिला. रिक्रूटरांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी आणि नोंदी २००४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४,४०० होत्या, त्या २००५ मध्ये ६,५०० वर गेल्या. त्यांतली सिद्ध झालेली प्रकरणं चारशेच्या थोडी वरून जवळपास ६३० वर पोचली. इराक युद्ध चालू होतं, माणसं मिळत नव्हती, आणि दबाव वाढला की शब्द सैल होतात.

म्हणून पहिली पायरी अगदी साधी. पहिल्या भेटीपासून एक वही ठेवा. तारीख, कोण बोललं, काय कबूल केलं, हे त्याच दिवशी लिहा. मग रिक्रूटरला ईमेल किंवा मेसेज पाठवा: "आज तुम्ही मला अमुक काम, अमुक बोनस आणि चार वर्षांची मुदत सांगितलीत. माझी समजूत बरोबर आहे ना?" हा मेसेज म्हणजे करार नव्हे, हे विसरू नका. पण तो दोन कामं करतो. खोटं बोलणारा माणूस लेखी उत्तर द्यायला कचरतो आणि तिथेच तुम्हाला कळायचं ते कळतं. शिवाय पुढे वाद झालाच तर तक्रारीला जोडायला पुरावा हाती राहतो.

वहीतल्या वचनांचे तीन ढीग

मेप्सला जाण्याआधी ही वही उघडून बसा आणि प्रत्येक ओळ तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिल्या ढिगात करारात लिहून मिळू शकणाऱ्या गोष्टी: कामाचा प्रकार, बोनसची रक्कम, सुरुवातीची श्रेणी (कॉलेजच्या क्रेडिट्समुळे ई-२ किंवा ई-३ मिळत असेल तर), सक्रिय सेवेची वर्षं, शैक्षणिक कर्जाची परतफेड, पॅराशूट किंवा रेंजर (लष्कराची निवडक छापामार तुकडी) यांसारखं खास प्रशिक्षण, आणि काही वेळा पहिल्या नेमणुकीचं ठिकाण. यातलं जे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते जोडपत्रात नसेल तर सही करायची नाही.

दुसऱ्या ढिगात कायद्याने मिळणाऱ्या गोष्टी येतात: पगार, आरोग्यसेवा, जीआय बिल (सैनिकांच्या शिक्षणखर्चाची योजना). त्या जोडपत्रात नसल्या म्हणून घाबरू नका, पण अटी स्वतः वाचा. ९/११ नंतरच्या जीआय बिलाचा पूर्ण लाभ साधारणपणे ३६ महिन्यांच्या सक्रिय सेवेनंतर मिळतो. सरकारी विद्यापीठात राज्याच्या रहिवाशाला लागणारी फी त्यात भागते, खासगी विद्यापीठासाठी मात्र वार्षिक मर्यादा आहे. रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्ड या अर्धवेळ दलांत महिन्यातून एका शनिवार-रविवारी जो सराव होतो, तो या ३६ महिन्यांत धरत नाहीत. "कॉलेज फुकट" असं कुणी म्हणालं तर कुठलं कॉलेज, किती महिन्यांची सेवा आणि ती सक्रिय की रिझर्व्हची, हे विचारा.

तिसरा ढीग कुणालाच कबूल करता न येणाऱ्या गोष्टींचा. "तुला लढाईवर पाठवणार नाहीत." "काम आवडलं नाही तर नंतर बदलून घे." "नोकरी करता करता पदवी होईल." "घराजवळच राहशील." या ओळी वहीत दिसल्या की त्यांवर काट मारा आणि त्या नाहीतच असं धरून निर्णय घ्या. त्यांच्याशिवायही जायची तयारी असेल तरच पुढची पायरी.

जोडपत्रातला शब्द न् शब्द वाचा

बहुतेक घरं इथे फसतात. 'हमी' हा शब्द दिसला की जीव भांड्यात पडतो, पण हमी कशाची ते कुणी पाहत नाही.

लष्करात काम एका विशिष्ट कोडने लिहून मिळतं, त्याला एमओएस म्हणतात. जोडपत्रात तो कोड असायला हवा, नुसतं "संगणक क्षेत्र" असं वर्णन नको. नौदलात याला रेटिंग म्हणतात. हवाई दलात दोन प्रकार चालतात: एकात ठरावीक कामाची हमी, दुसऱ्यात यांत्रिक, प्रशासकीय, सामान्य किंवा इलेक्ट्रॉनिक अशा मोठ्या गटाची. गटाची हमी घेतली तर त्या गटातलं कुठलंही काम अंगावर येऊ शकतं. मरीन कोअर साधारणपणे एका कामाऐवजी कामांच्या समूहाचा करार करतं. 'ओपन कॉन्ट्रॅक्ट' असा शब्द कुठल्याही दलात ऐकू आला तर त्याचा अर्थ एकच, कामाची निवड तुमची नाही.

हमी प्रशिक्षणाच्या संधीची असते, उत्तीर्ण होण्याची नाही. लष्करात 'ऑप्शन ४०' म्हणजे रेंजरसाठीचा करार आणि 'ऑप्शन ४' म्हणजे पॅराशूट प्रशिक्षण. हे लिहून मिळालं तरी मुलगा निवडीत गळला, पाय मोडला किंवा सुरक्षा मंजुरी मिळाली नाही, तर त्याला कुठल्या कामाला लावायचं हे दल आपल्या गरजेप्रमाणे ठरवतं. हीही अट जोडपत्रात छापलेली असते. समुपदेशकाला सरळ विचारा: "यात नापास झालो तर काय होतं, ते कुठल्या ओळीत लिहिलंय?" आणि ती ओळ वाचून घ्या.

बोनसच्या जोडपत्रात रक्कम, कामाचा कोड, सेवेची मुदत आणि पैसे कधी, किती हप्त्यांत मिळणार या चारही गोष्टी हव्यात. बोनसवर कर कापला जातो. मुदत पूर्ण झाली नाही तर न कमावलेला भाग परत मागितला जाऊ शकतो. कर्जफेडीची योजना असेल तर कुठल्या प्रकारचं कर्ज चालतं तेही पाहा. बँकेकडून घेतलेलं खासगी कर्ज बहुधा त्यात बसत नाही.

आणखी एक आकडा आहे, तो कुणी आपणहून सांगत नाही. करार "चार वर्षांचा" म्हटला तरी एकूण लष्करी बांधिलकी आठ वर्षांची असते. उरलेली वर्षं राखीव यादीत जातात आणि त्या काळात परत बोलावलं जाऊ शकतं. किती वर्षं सक्रिय आणि किती राखीव हे डीडी फॉर्म ४ च्या पहिल्याच पानावर आकड्यांत भरलेलं असतं. ते आकडे बोट ठेवून वाचा.

लिहिलेलंही कुठे तुटू शकतं

लिहून घेतलं की झालं, असा समज करून घेऊ नका. डीडी फॉर्म ४ मध्येच दुसरं एक कलम आहे: सैनिकांना लागू असलेले कायदे आणि नियम पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात, आणि करारात काहीही असलं तरी त्या बदलांचा परिणाम पगारावर, लाभांवर आणि जबाबदाऱ्यांवर होऊ शकतो. १८९० साली ग्रिमली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरतीची तुलना लग्नाशी केली होती. करार खरा, पण तो झाला की माणसाचा दर्जाच बदलतो आणि एका पक्षाला आपल्या मर्जीने तो मोडता येत नाही.

ओरेगॉनच्या नॅशनल गार्डमधल्या सार्जंट एमिलियानो सँटियागोचं उदाहरण घ्या. २००४ साली त्याची मुदत संपत आली असताना 'स्टॉप-लॉस' धोरणाखाली, म्हणजे मुदत संपली तरी सैनिकाला सेवेत रोखून ठेवण्याच्या धोरणाखाली, त्याची सेवा वाढवली गेली. तो न्यायालयात गेला. २००५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला.

दुसरं उदाहरण मला जास्त लागलं. कॅलिफोर्निया नॅशनल गार्डने युद्धकाळात सैनिकांना मोठमोठे पुनर्भरती बोनस लिहून दिले. त्यांनी सह्या केल्या, काही जण इराक-अफगाणिस्तानात जाऊन आले. पुढे तपासात निघालं की त्यातले बरेचसे बोनस नियमात बसतच नव्हते, आणि हजारो सैनिकांकडून पैसे परत मागितले गेले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बातमी फुटल्यावर संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांनी वसुली थांबवली. चूक बोनस वाटणाऱ्यांची, तगादा मात्र तो घेणाऱ्या सैनिकांना. यातून शिकायचं ते हे: बोनसचं जोडपत्र हातात आलं की "मी याला कुठल्या नियमाखाली पात्र आहे?" हेही विचारा आणि त्या वर्षीच्या बोनस-यादीची प्रत मागून घ्या.

मेप्सचा दिवस

आदल्या रात्री बहुतेक मुलांना हॉटेलात ठेवतात आणि पहाटे उठवून केंद्रावर नेतात. तपासण्या, रांगा, फॉर्म यांत दिवस जातो, आणि थकलेल्या मुलासमोर करार शेवटी येतो. आईवडिलांना शपथविधी पाहता येतो, समुपदेशकाच्या खोलीत मात्र बसता येत नाही. म्हणून तयारी घरीच करायची.

एका कागदावर पहिल्या ढिगातल्या गोष्टी लिहून द्या, प्रत्येकीसमोर रिकामी चौकट. जोडपत्रात ती गोष्ट दिसली तरच चौकटीत खूण. त्याच कागदावर आधीच ठरवून लिहा की कुठली गोष्ट नसेल तर सही न करता परत यायचं. "आज सही केली नाहीस तर ही जागा जाईल," असं सांगितलं जाईल. जागा खरोखर जाऊ शकते. पण पुढच्या महिन्यात जागा पुन्हा निघतात, सही मागे घेणं मात्र सोपं नसतं. "मला हे काम आज मिळत नसेल तर मी घरी जाऊन विचार करतो" हे वाक्य मुलाने मोठ्याने म्हणायचा सराव केलेला असावा. आपल्याकडे गणवेशातल्या माणसाला नाही म्हणायची सवय नसते, म्हणून हे आवर्जून सांगतो.

मूल १७ वर्षांचं असेल तर पालकांची लेखी संमती लागते. ती देण्याआधी जोडपत्रांचा मसुदा दाखवा म्हणावं. १८ पूर्ण झालं की तुमच्या सहीची गरज उरत नाही, मग तुमचा शब्द फक्त मुलाच्या मनावर चालतो.

एका गोष्टीत तडजोड नको. "लहानपणचा दमा लिहू नकोस, भारतात उपचार झालेत, कुणाला कळणार नाही," असं कुणी सुचवलं तर तो माणूस कितीही गोड बोलो, उठून या. माहिती लपवून भरती होणं हा अमेरिकी लष्करी कायद्यात गुन्हा आहे. तो उमेदवाराच्या माथी येतो, आणि सुचवणारा तसं लिहून कधीच देत नाही.

ग्रीन कार्ड, नागरिकत्व आणि ओसीआय

आपल्या घरांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. भरती होता येतं ते नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्यांना नेहमीच्या मार्गाने भरती होता येत नाही. २००८ साली 'मावनी' नावाची योजना निघाली होती. तिच्यात हिंदी, तमिळ यांसारख्या भाषा जाणणाऱ्या व्हिसाधारकांना घेत होते. २०१६ मध्ये तिची नवी भरती थांबली. ज्यांनी तोवर सह्या केल्या होत्या त्यांतले कित्येक जण वाढीव चौकशीत वर्षानुवर्षं लटकले, काहींना काढूनही टाकलं. आज कुणी व्हिसाधारकाला "आपण मार्ग काढू" म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

ग्रीन कार्डधारकाला "प्रशिक्षण संपेपर्यंत नागरिकत्व" असं सांगतात. कायद्यात लष्करी सेवेतून लवकर नागरिकत्व मिळण्याची तरतूद खरी आहे, आणि अर्जाला फीही लागत नाही. पण तो निर्णय नागरिकत्व खात्याचा, सैन्याचा नाही. सैन्याकडून लागतो तो सन्माननीय सेवेचा दाखला, फॉर्म एन-४२६. २०१७ मध्ये संरक्षण खात्याने या दाखल्याआधी ठरावीक मुदतीच्या सेवेची अट घातली आणि २०२० मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. नियम असे हलत राहतात, म्हणून ही गोष्ट दुसऱ्या ढिगात ठेवा आणि सहीच्या आधी तेव्हाचा नियम तपासा. शिवाय सुरक्षा मंजुरी लागणारी कामं नागरिक नसलेल्याला मिळत नाहीत. सायबर आणि गुप्तवार्ता ही कामं त्यातच येतात. "नागरिक झालास की बदलून देऊ" हे तिसऱ्या ढिगातलं वाक्य.

एक गोष्ट कुठलाही रिक्रूटर सांगणार नाही, कारण ती त्याला ठाऊकच नसते. भारत सरकारच्या नियमानुसार परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, मिळत नाही. आजी-आजोबा पुण्यात, जमीन साताऱ्यात, आणि दरवर्षी गणपतीला येणं-जाणं असलेल्या घराला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. मुलाकडे आधीच ओसीआय असेल तर भरतीनंतर त्याचं काय, हे सहीच्या आधी भारतीय वकिलातीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पहिली शपथ, दुसरी सही

बहुतेक मुलं मेप्सवर पहिली शपथ घेऊन घरी परततात आणि निघण्याच्या तारखेची वाट पाहतात. हा काळ डीईपी, म्हणजे लांबणीवरच्या प्रवेशाची योजना. तो एक वर्षापर्यंत लांबू शकतो. या काळात मन बदललं, किंवा जोडपत्रात फसवणूक आढळली, तर बाहेर पडता येतं. भरती केंद्राच्या वरच्या अधिकाऱ्याला तारखेआधी लेखी पत्र पाठवायचं, त्यात बाहेर पडण्याची विनंती आणि कारण, आणि पोच ठेवायची. "तुला अटक होईल" अशा धमक्यांना भिऊ नका. बाहेर पडण्यासाठी मेप्सला परत जाण्याचीही गरज नाही.

निघण्याच्या दिवशी त्याच फॉर्मवर दुसरी सही होते आणि खरी बांधिलकी तिथून सुरू होते. दुसऱ्या सहीच्या जागी विधान असतं की भरतीच्या अटींत काही बदल झालेला नाही, आणि झाला असेल तर तो अमुक जोडपत्रात नोंदवला असून ते अमुक जुन्या जोडपत्राची जागा घेतं. मधल्या काळात काम बदललं असेल, बोनस वाढला असेल, तर तो बदल या ओळीत आणि नव्या जोडपत्रात दिसायलाच हवा. निघायची घाई, बस उभी, आणि इथेच जुन्या जोडपत्राऐवजी नवं, कमी चांगलं जोडपत्र लागू शकतं. घरून नेलेली जुनी प्रत शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहा.

सही झाली की करार, सगळी जोडपत्रं आणि डीडी फॉर्म १९६६ (भरतीच्या वेळी भरलेली उमेदवाराची माहिती) यांची पूर्ण प्रत तिथल्या तिथे मागून घ्या. प्रशिक्षणात फोन काढून घेतात, सामान मोजकं असतं, म्हणून एक संच घरी ठेवा. आईवडिलांना मुलाच्या वतीने कागद मागवता यावेत यासाठी निघण्याआधी मर्यादित मुखत्यारपत्र करून ठेवलं तर पुढची धावपळ वाचते.

वचन मोडलं तर

प्रशिक्षणात पोचल्यावर कळलं की लिहून दिलेलं काम मिळत नाही, तर घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं. संरक्षण खात्याच्या नियमांत सदोष भरती करार म्हणून सुटण्याची तरतूद आहे. लेखी दिलेलं वचन दल पूर्ण करू शकत नसेल, किंवा रिक्रूटरच्या महत्त्वाच्या खोट्या माहितीवर भरती झाली असेल, तर ती लागू होते. पण दोष लक्षात आल्यापासून, किंवा लक्षात यायला हवा होता तेव्हापासून, ३० दिवसांच्या आत तो वरिष्ठांच्या नजरेला आणावा लागतो. तोंडी कुरकुर पुरत नाही. तारीख घालून लेखी अर्ज द्यायचा, प्रत ठेवायची आणि तळावरच्या लष्करी कायदा मदत कार्यालयातल्या वकिलाला भेटायचं. सुटका नको, लिहिलेलं काम हवं असेल तर अर्जात तसं म्हणा. दल करारात दुरुस्ती करून दुसरा पर्यायही देऊ शकतं.

तिथे दाद लागली नाही तर घरून आपल्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला लिहा. मुलाने सही केलेलं माहिती देण्याचं संमतीपत्र त्याला जोडावं लागतं, आणि संसदेकडून चौकशी आली की फाइल हलते. बोनस किंवा कर्जफेड अडली असेल तर प्रत्येक दलाचं नोंदी दुरुस्त करणारं मंडळ आहे. त्याच्याकडे डीडी फॉर्म १४९ वर अर्ज जातो, चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत. अर्जासोबत जोडपत्रांच्या प्रती, वहीतली तारीखवार पानं आणि रिक्रूटरला पाठवलेले मेसेज लावा.